पहिला सीझन गेला, आता धंदा बंद करू का? कबड्डी, बास्केटबॉल आणि दिवाळ्याची ताई



या आठवड्याचा व्हिडिओ आपण दिवाळे गावात, जेट्टीजवळ शूट केला. खाडीचा वारा माइकमध्ये इतका घुसलाय की निम्मं बोलणं कुणाला ऐकूच आलं नाही. म्हणून तोच विषय इथे सविस्तर लिहितोय. शेवटी एक हिशोब दिला आहे, त्यासाठी वही-पेन जवळ ठेवा.

विषय सुरू झाला एका ताईच्या प्रश्नावरून. या ताई दिवाळे कोळीवाड्यातल्या. मासळी त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण गेल्या वर्षी त्यांनी वेगळं काहीतरी सुरू केलं. बेलापूर आणि सीवूड्सच्या सोसायट्यांमध्ये साफ करून, कापून, पिशवीत भरून मासळी घरपोच द्यायची. बचत गटातून ५०,००० रुपये कर्ज घेतलं. काटा, बर्फाचे बॉक्स, पिशव्या आणि जुन्या स्कूटरची दुरुस्ती एवढ्यात ते संपलं. नारळी पौर्णिमेनंतर काम सुरू झालं. पहिल्या महिन्यात ४० गिऱ्हाइकं मिळाली. डिसेंबरपर्यंत त्यातली १८ उरली. मे महिन्यात आमची भेट झाली तेव्हा त्या हसत हसतच म्हणाल्या, "दादा, गावाचं नाव दिवाळे आहेच. आता धंद्याचंही दिवाळं काढायचं का? पुढच्या सीझनला करू की बंद करू?"

त्या हसत होत्या, पण डोक्यावर हप्ता होता. आणि मंडळी, हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. मला महिन्याला असे कितीतरी फोन येतात. कुणाचं पोळी-भाजी केंद्र, कुणाचा टिफिन, कुणाचं ब्लाउज शिवायचं काम. पहिलं वर्ष संपतं, हातात फार काही उरत नाही आणि माणूस विचारतो, बंद करू का?

मी ताईंना लगेच उत्तर दिलं नाही. त्यांना दोन खेळांची गोष्ट सांगितली. एक आपल्या मातीतला आणि एक अमेरिकेतला. दोन्हीकडे नवी लीग सुरू झाली, दोन्हीकडे पहिला सीझन खेळला गेला. त्यातून आपल्या धंद्यासाठी काय घ्यायचं ते बघू.

वरळी, २६ जुलै २०१४

कबड्डी आपल्याला नवीन नाही. आगरी-कोळी गावांत तर विचारूच नका. मैदानात चुन्याची रेघ मारली की गाव गोळा होतं. १९९० पासून हा खेळ आशियाई स्पर्धेतही आहे. म्हणजे माल जुना, कस लागलेला आणि खात्रीचा. तरीही २०१४ पर्यंत शहरातला माणूस तिकीट काढून कबड्डी बघायला जाईल किंवा रात्री जेवताना टीव्हीवर कबड्डी लावेल, असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

२६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआयच्या बंदिस्त स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. यू मुंबा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. मुंबईने तो ४५-३१ असा जिंकला. लीगमागे होते उद्योगपती आनंद महिंद्रा आणि क्रीडा समालोचक चारू शर्मा, त्यांच्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीतून, आणि दाखवणारं चॅनेल स्टार स्पोर्ट्स. संघ आठ. त्यातले दोन आपले, यू मुंबा आणि पुणेरी पलटण. साधारण पाच आठवड्यांत सीझन संपला. ३१ ऑगस्टला मुंबईतच अंतिम सामना झाला आणि या वेळी जयपूरने मुंबईला ३५-२४ असं हरवलं. या सीझनला टीव्हीवर ४३.५ कोटी प्रेक्षक लाभले, असा आकडा तेव्हा पेपरांत छापून आला.

आता धंदेवाल्याच्या नजरेने बघा. खेळ तोच. चढाई तीच, पकड तीच, लोण तोच. मग बदललं काय?

लोक म्हणतात, पैसा ओतला, फिल्म स्टार आणले, लाइट लावले. ते झालंच. पण नुसत्या लाइटने माणूस एकदा येतो, दुसऱ्या दिवशी येत नाही. माझ्या मते खरं काम केलं एका छोट्या गोष्टीने, आणि ती म्हणजे घड्याळ. लीगमध्ये प्रत्येक चढाईला ३० सेकंद. ते सेकंद टीव्हीच्या पडद्यावर उलटे मोजताना दिसतात. पूर्वी मैदानात बसलेल्या जाणकाराला खेळाडूचा दम कळायचा, घरी सोफ्यावर बसलेल्याला तो कळत नव्हता. ३० सेकंद मात्र सगळ्यांना कळतात. दुसरा नियम तुम्हाला माहीत असेलच. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरी 'करो या मरो'. गुण आणला नाही तर चढाई करणारा बाद.

जरा हिशोब करा. सामना ४० मिनिटांचा, म्हणजे २,४०० सेकंद. प्रत्येक चढाई पूर्ण ३० सेकंद चालली असं धरलं तरी ८० चढाया होतात. ८० वेळा काहीतरी घडण्याची शक्यता. आघाडीवर असलेला संघ नुसता वेळ काढत बसलाय आणि प्रेक्षक जांभया देतोय, ही शक्यताच कमी करून टाकली.

म्हणजे त्यांनी माल बदलला नाही. गिऱ्हाईक जिथे कंटाळतं, तिथे घड्याळ लावलं. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच्यावरच आहे.

तुम्ही म्हणाल, सर, ही मोठ्या लोकांची गोष्ट झाली. त्यांच्याकडे पैसा होता, चॅनेल होतं, पहिल्याच सीझनला जमून गेलं. बरोबर आहे. म्हणून आता दुसरी गोष्ट ऐका. इथे पहिल्या सीझनला जमलं नव्हतं.

रिकाम्या हॉलमधून निघालेला धंदा

अमेरिकेतली एनबीए आज बास्केटबॉलची सगळ्यात मोठी लीग आहे. तिची सुरुवात झाली १९४६ मध्ये. तेव्हा तिचं नाव होतं बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका. ती सुरू करणारे बरेचसे लोक बास्केटबॉलवाले नव्हतेच. ते मोठमोठ्या बंदिस्त स्टेडियमचे मालक होते. त्यांच्याकडे बर्फावरची हॉकी चालायची. पण हॉकी काही रोज नसते. ज्या रात्री सामना नाही त्या रात्री हॉल रिकामा, आणि खर्च मात्र चालू. आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त संपले की कार्यालयवाल्याचं होतं, तसंच. मग त्यांनी विचार केला, रिकाम्या रात्री बास्केटबॉल खेळवू.

पहिला सामना १ नोव्हेंबर १९४६ ला झाला, तोही अमेरिकेत नाही, शेजारच्या कॅनडातल्या टोरांटो शहरात. टोरांटो हस्कीज विरुद्ध न्यूयॉर्क निकरबॉकर्स. तिथल्या लोकांना हॉकीचं वेड, बास्केटबॉल कोण बघणार? म्हणून जाहिरात केली: आमच्या जॉर्ज नॉस्ट्रँड या खेळाडूपेक्षा जो उंच असेल त्याला तिकीट फुकट! नॉस्ट्रँडची उंची होती ६ फूट ८ इंच. ऑफर भन्नाट, आणि मालकाचा खर्च जवळपास शून्य, कारण एवढी उंच माणसं येणार किती? त्या दिवशी ७,०९० प्रेक्षक आले. न्यूयॉर्कने ६८-६६ असा निसटता विजय मिळवला. सामना रंगला, लोक आले, पेपरात बातमी आली. आणखी काय पाहिजे?

आणि तरीही सीझन संपल्यावर टोरांटोचा संघ बंद पडला. कायमचा.

एकटा टोरांटो नाही. त्या पहिल्या सीझनमध्ये ११ संघ होते. प्रत्येकाचे ६० सामने ठरलेले. फिलाडेल्फिया वॉरियर्स विजेते झाले. पण सीझन संपल्यावर टोरांटो, क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि पिट्सबर्ग या चारही गावांचे संघ गुंडाळले गेले. ११ पैकी ४. उरलेल्यांनी पुढच्या सीझनला सामने ६० वरून ४८ वर आणले. आज त्या ११ मूळ संघांपैकी फक्त तीन जिवंत आहेत: बोस्टन, न्यूयॉर्क, आणि फिलाडेल्फियाहून पुढे कॅलिफोर्नियात गेलेला वॉरियर्स.

इथे थांबून एक गोष्ट समजून घ्या. शुभारंभाची गर्दी म्हणजे धंदा नव्हे. ताईंची पहिल्या महिन्याची ४० गिऱ्हाइकं आणि टोरांटोचे ७,०९० प्रेक्षक यांत फारसा फरक नाही. नवलाईने माणूस एकदा येतो. दुसऱ्यांदा येतो तो समाधानाने, आणि दहाव्यांदा येतो ती सवय. घर चालतं सवयीच्या गिऱ्हाइकावर.

मग या लीगमध्ये गिऱ्हाइकाला नेमका त्रास कशाचा होता?

१९-१८: कंटाळ्याचा विक्रम

त्या काळच्या बास्केटबॉलमध्ये एक भोक होतं. बॉल हातात आला की तो किती वेळ ठेवायचा यावर बंधनच नव्हतं. संघ आघाडीवर गेला की खेळाडू बॉल आपसात फिरवत बसायचे. गोल करायला जायचंच नाही, कारण गेलो तर बॉल हातचा जाईल. मग समोरचा संघ वैतागून मुद्दाम फाउल करायचा. फाउल झाला की फ्री थ्रो. म्हणजे सगळे उभे, एक जण बॉल टाकतोय. परत फाउल, परत फ्री थ्रो.

२२ नोव्हेंबर १९५० ला याचा कळस झाला. मिनियापोलिस लेकर्सकडे जॉर्ज मायकन नावाचा जबरदस्त उंच खेळाडू होता. त्याला रोखायचं तर बॉल त्याच्यापर्यंत जाऊच द्यायचा नाही, असं फोर्ट वेनच्या संघाने ठरवलं आणि ते बॉल धरून बसले. ४८ मिनिटांच्या सामन्याचा निकाल काय लागला माहितीये? १९-१८. दोन्ही संघ मिळून ३७ गुण. फोर्ट वेनने सामना जिंकला, पण तिकीट काढून आलेल्या माणसाला काय मिळालं?

मार्च १९५३ मध्ये बोस्टन आणि सिरॅक्यूजचा बाद फेरीचा सामना चार वेळा जादा वेळेत गेला. बोस्टनच्या बॉब कूझीने ५० गुण केले. ऐकायला भारी वाटतं. पण त्यातले ३० गुण फ्री थ्रोचे होते!

फोर्ट वेनची चाल नियमात बसणारी होती, हे विसरू नका. कुणी चोरी केली नव्हती. आपल्या धंद्यातही असंच होतं. आपण सगळं प्रामाणिकपणे करत असतो, माल चांगला असतो, पण आपल्या सोयीने चाललेल्या कामात गिऱ्हाईक ताटकळत असतं. ते भांडत नाही. गुपचूप यायचं बंद होतं.

इकडे संघ गळत होते. १९४९ मध्ये दुसऱ्या एका लीगशी जोडणी होऊन एनबीए हे नाव आलं, तेव्हा संघ झाले होते १७. १९५४-५५ चा सीझन सुरू असतानाच बाल्टिमोरचा संघ बंद पडला आणि उरले ८.

बोलिंगचा हॉल चालवणारा माणूस

याचं उत्तर काढलं एका छोट्या व्यावसायिकाने. त्यांचं नाव डॅनी बियासोन. इटलीतून लहानपणी अमेरिकेत आलेला हा माणूस सिरॅक्यूज नावाच्या मध्यम शहरात बोलिंगचा हॉल चालवायचा आणि तिथल्या बास्केटबॉल संघाचा मालक होता. न्यूयॉर्क-बोस्टनवाल्यांसारखं मोठं भांडवल त्यांच्याकडे नव्हतं.

त्यांनी कागद-पेन घेतलं आणि विचार केला: जे सामने लोकांना आवडले, मला आवडले, त्या सामन्यांत दोन्ही संघ मिळून बास्केटवर किती वेळा बॉल टाकतात? उत्तर आलं, एक संघ साधारण ६०, दोन मिळून १२०. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद. २,८८० भागिले १२० बरोबर २४. झालं! बॉल हातात आला की २४ सेकंदांत बास्केटवर टाका, नाहीतर बॉल समोरच्याला द्या.

ऑगस्ट १९५४ मध्ये सिरॅक्यूजमधल्याच एका शाळेच्या जिममध्ये बाकीच्या मालकांना बोलावून एक सराव सामना दाखवला. म्हणजे आधी नमुना आणि मग सगळीकडे. १९५४-५५ च्या सीझनपासून हा नियम लागू झाला. त्याच्याबरोबर आणखी एक नियम आला: एका क्वार्टरमध्ये संघाने किती फाउल करायचे यालाही मर्यादा. कारण नुसतं घड्याळ लावलं असतं तर लोकांनी फाउल करून ते निष्प्रभ केलं असतं.

परिणाम बघा. आदल्या सीझनला एक संघ सामन्याला सरासरी ७९.५ गुण करत होता. नव्या सीझनला ९३.१. खेळाडू तेच, बॉल तोच, हॉल तोच. आणि त्या सीझनचे विजेते कोण? सिरॅक्यूज! १० एप्रिल १९५५ ला सातव्या आणि शेवटच्या सामन्यात त्यांनी फोर्ट वेनला ९२-९१ असं हरवलं. हो, तेच फोर्ट वेन, १९-१८ वालं. चार-साडेचार वर्षांपूर्वी पूर्ण सामन्यात दोघांचे मिळून ३७ गुण, आणि आता १८३.

आता खरं-खरं सांगतो, कारण आपण इथे फक्त गोड गोष्टी सांगत नाही. १९६३ मध्ये सिरॅक्यूजचा संघ विकला गेला आणि फिलाडेल्फियाला हलवला गेला. कल्पना बियासोनची, पण मोठ्या शहरांपुढे छोट्या शहराचा संघ शेवटपर्यंत टिकला नाही. चांगली कल्पना आणि भांडवल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही लागतात. पण २४ सेकंदांचं ते घड्याळ एनबीएमध्ये आजही चालू आहे.

मग ताईंच्या धंद्यात घड्याळ कुठे लावलं?

मी आधी एक चूक केली, ती कबूल करतो. ताईंचा आकडा ऐकल्यावर मी पहिलं काय म्हटलं? "पिशवीवर छान स्टिकर लावा, व्हॉट्सॲपवर जाहिरात वाढवा." म्हणजे मीही टोरांटोचीच ऑफर सुचवत होतो. मग ताईंना म्हटलं, सुटलेल्या गिऱ्हाइकांना एकेक फोन लावा. मासे कसे होते हे विचारू नका. "त्या दिवशी काय अडचण झाली?" एवढंच विचारा.

बावीसपैकी चौदा जणांनी फोन उचलला. मासळीला कुणीच नाव ठेवलं नाही. नऊ जणांचं म्हणणं एकच: "मासे यायचे साडेबाराला. आमचा स्वयंपाक अकरा-साडेअकराला सुरू होतो. वाट बघून शेवटी डाळ-भात लावायचो."

सापडलं! गिऱ्हाईक स्वयंपाकघरात पातेलं घेऊन थांबलं होतं. ताई काय करायच्या? सगळ्या ऑर्डर गोळा करायच्या, सगळी मासळी एकदम साफ करायच्या आणि मग एकाच फेरीत वाटायला निघायच्या. त्यांच्या सोयीचं होतं ते. नियमात बसणारं होतं.

मग आम्ही बियासोनसारखा हिशोब केला. ताईंचा सगळ्यात चांगला गेलेला दिवस काढला. त्या दिवशी तीन तासांत १२ ऑर्डर साफ करून पोचवल्या होत्या, एकही तक्रार नाही. १८० मिनिटं भागिले १२, म्हणजे एका ऑर्डरला १५ मिनिटं. हा आकडा हवेतून आला नाही, त्यांच्याच कामातून आला.

आता नवीन पद्धत अशी ठरली:

- सकाळी ७ वाजता आलेल्या मासळीचा फोटो आणि भाव ग्रुपवर.
- ऑर्डर ८ वाजेपर्यंत. ८ नंतर आलेली ऑर्डर दुसऱ्या दिवशीची.
- १०.३० च्या आत मासळी दारात.
- ८ ते १०.३० म्हणजे १५० मिनिटं. १५० भागिले १५ बरोबर १०. म्हणून दिवसाला दहाच ऑर्डर. अकराव्याला नम्रपणे "उद्या देते."

शेवटचा नियम ताईंना सगळ्यात जड गेला. "दादा, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवू?" हो. कारण अकरावी ऑर्डर घेतली की आधीच्या दहांची वेळ चुकते. तिकडे घड्याळाबरोबर फाउलची मर्यादा लागली, इथे ऑर्डरची. सोबतीचा नियम नसेल तर मुख्य नियम आठवडाभरात मोडतो.

मेच्या शेवटच्या दहा दिवसांत हे करून बघितलं. जुन्यांपैकी सात गिऱ्हाइकं परत आली. सात म्हणजे काही लॉटरी नाही. पण त्यातल्या पाच जणांनी दहा दिवसांत दोनदा ऑर्डर दिली. मला सातापेक्षा हा 'दोनदा' महत्त्वाचा वाटतो.

आणि हप्त्याला बंदी नसते

आता दुसरा भाग. घड्याळ कुठे लावायचं हे सापडेपर्यंत जगायचं कसं?

एनबीएला ते सापडायला आठ वर्षं लागली आणि तोपर्यंत बहुतेक संघ मेले. मेलेल्या संघांत चांगले खेळाडू नव्हते असं नाही. सीझन संपल्यावर पुढच्या सीझनपर्यंत तग धरायला पैसा नव्हता.

कबड्डीकडे बघा. पहिल्या सीझनच्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेश कुमार, १२.८० लाख रुपये. २०१८ च्या लिलावात मोनू गोयतला मिळाले १ कोटी ५१ लाख. म्हणजे खर्च वाढला तो गिऱ्हाईक पक्कं झाल्यावर. आपण उलटं करतो. आधी फर्निचर, आधी बोर्ड, आधी मोठं फ्रीज, आणि मग गिऱ्हाइकाची वाट.

आपली पुणेरी पलटण आठवा. पहिल्या सीझनला आठात आठवी. दुसऱ्या सीझनलाही आठवी. पहिलं विजेतेपद कधी? दहाव्या सीझनला, १ मार्च २०२४ रोजी, हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून. दोनदा तळाला गेल्यावर त्यांनी संघ बंद केला असता तर? पण नुसतं "धीर धरा" असं मी म्हणणार नाही. त्यांच्यामागे भांडवल होतं म्हणून धीर धरता आला. तुमच्या धीराला किती महिन्यांचं भांडवल आहे, ते लिहून काढा.

ताईंचा हप्ता महिन्याला २,५०० रुपये. जून-जुलैत मासेमारी बंद. दोन महिने धंदा नाही, पण हप्ता चालूच. म्हणजे ५,००० रुपये मे संपायच्या आधी बाजूला पाहिजेत. आणि ऑगस्टमध्ये परत सुरू करायला बर्फ, पिशव्या, पेट्रोल यासाठी अंदाजे ४,०००. एकूण ९,०००. ताईंकडे होते ६,२००. कमी पडले २,८००. त्यासाठी त्या दोन महिने घरच्या सुकटीची, बोंबलाची अर्धा-अर्धा किलोची पाकिटं त्याच १८ गिऱ्हाइकांना विकणार आहेत. नवीन गुंतवणूक शून्य. स्टेडियमवाल्यांनी रिकाम्या रात्री भरल्या, ताई रिकामे महिने भरतील.

मग शेवटी त्यांना काय सांगितलं? चालू ठेवा, पण एका अटीवर. नारळी पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत वहीत एकच आकडा लिहायचा: किती गिऱ्हाइकांनी महिन्यात किमान तीनदा घेतलं. दिवाळीपर्यंत तो आकडा १५ च्या वर गेला तर पुढे जायचं. नाही गेला तर हप्ता फेडण्यापुरतं ठेवून बंद करायचं, आणि त्यात लाज कसली? त्या म्हणाल्या, "चालेल. निदान कधी थांबायचं ते तरी कळलं."

तुमचा गृहपाठ

वही उघडा आणि चार ओळी लिहा.

१. माझं गिऱ्हाईक नेमकं कुठे थांबतं? स्वतः अंदाज लावू नका. सुटलेल्या दहा जणांना फोन करा.

२. माझा सगळ्यात चांगला गेलेला दिवस कुठला? त्या दिवशीची मिनिटं भागिले त्या दिवशीच्या ऑर्डर. हे तुमचं घड्याळ.

३. हे घड्याळ मोडू नये म्हणून मी कशाला 'नाही' म्हणणार?

४. काहीही विकलं गेलं नाही तरी किती महिने हप्ता, भाडं आणि सामान निभेल?

चौथ्या ओळीत शून्य आलं तर घाबरू नका, पण आजपासून नवीन खर्च बंद. दुकानाचा बोर्ड पुढच्या सीझनला.

दिवाळीनंतर आपण परत दिवाळ्याला जाणार आहोत, ताईंची वही बघायला. आकडा १५ च्या वर असो किंवा खाली, जो असेल तो तुमच्यासमोर मांडू. या वेळी वाऱ्याचा बंदोबस्त करून माइक लावतो, हा शब्द!

भेटूया. कामाला लागा.